नळी बारा, काडतूस बारा

मिस्त्री, तुझ्या शोकसभेत मी गप्प राहिले नाही. हे मीच आधी सांगून टाकते. सुमनवहिनी रोज संध्याकाळी तुझ्या फोटोशी बोलतात, त्यांच्याकडून तुला कळलंच असतं. मग तू म्हणाला असतास, ही रोझबाय लपवते.

तुमच्या असल्फ्याच्या मंडळाचा हॉल गच्च भरला होता. माईकवाल्याने सांगितलं, आता आपण दोन मिनिटं शांत उभे राहू या. सगळे उठले, माना खाली. पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. आणि माझं तोंड आपोआप सुरू झालं. "नळी बारा. काडतूस बारा. घर पासष्ट. लांबी पासष्ट." पुढचा माणूस वळून बघायला लागला, म्हातारीचं डोकं फिरलं की काय म्हणून. वहिनींनी माझा हात दाबला. मला वाटलं, गप्प करतायत. तर त्या कानाशी येऊन म्हणाल्या, "बोला तुम्ही. त्यांना आवडंल."

तुला गप्प राहून कोणी निरोप द्यावा हे मला पटलंच नाही रे. का पटलं नाही ते फक्त तुला आणि मला माहीत होतं. निदान मला तसं वाटत होतं. आज अठरा दिवस झाले तुला जाऊन. काल दुकानात जे झालं ते तुला सांगायलाच बसले आहे. पण मी मेली पाल्हाळीक, मधूनच सुरू करता येत नाही मला. पहिल्यापासून सांगते.

अंधेरीतल्या त्या बंदूक दुरुस्तीच्या दुकानात मी आले तेव्हा मला इंग्रजी एबीसीडी धड येत नव्हती. नवरा गेला होता, पोरं लहान होती, आणि शेठना काउंटरवर कोणीतरी इमानदार पाहिजे होतं. मरोळच्या गावठाणातली बाई, चर्चमध्ये फुलं लावणारी, ती काडतुसं विकणार! माझी सासू आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. पहिल्या दिवशी तू मागच्या खोलीतून हात पुसत आलास, मला वरपासून खालपर्यंत बघितलंस आणि म्हणालास, "गो बाय, घाबरतंस मां? बरा असा. घाबरणारो माणूसच हंय व्हयो."

मग माझी शाळा सुरू झाली. काडतुसाच्या बुडावरची पितळी चकती म्हणजे माझी पाटी. त्यावरचे आकडे आणि अक्षरं बघून मी इंग्रजी वाचायला शिकले. बारा, वीस. मग कंपनीचं नाव. लोक पेपर वाचून शिकतात, मी काडतुसाचं बूड वाचून शिकले. तू म्हणायचास, बारा नंबर म्हणजे मोठं, वीस नंबर म्हणजे लहान. मी म्हणायचे, हे उलटं कसं रे? तू म्हणायचास, "माका इचारू नको, गोऱ्या सायबाक इचार." आणि कपाळावर हात मारायचास.

बंदुकीत काडतूस जिथे बसतं त्याला सगळे चेंबर म्हणतात. तू घर म्हणायचास. "ज्येचा घर, त्येनाच थंय ऱ्हवूचा." घरापेक्षा पाहुणा मोठा असला तर दारातच अडतो, त्याची काळजी नाही. लहान पाहुण्याची काळजी. वीस नंबरचं काडतूस बारा नंबरच्या नळीत घातलं तर ते घरात थांबत नाही, घसरत पुढे जातं आणि नळी जिथे चिंचोळी होते तिथे अडकून बसतं. मागून बघणाऱ्याला घर रिकामं दिसतं. त्याला वाटतं, अरे, घालायचंच विसरलो. तो मागे बारा नंबरचं घालतो, चाप ओढतो. पुढचं तू कधी सांगितलं नाहीस. नुसता आपला डावा हात, तोच नळीखाली धरायचा हात, काउंटरवरून उचलून पाठीमागे लपवायचास. मला तेवढ्यानेच कळलं.

आणि ती लांबीची गोष्ट! ती मला महिनाभर कळली नव्हती. पासष्ट मिलिमीटरच्या घरात सत्तरचं काडतूस आरामात जातं, मग काय बिघडलं, म्हणून मी तुझ्याशी हुज्जत घातली होती. तू माझी छत्री उचललीस, मिटलेलीच माझ्या डब्याच्या पिशवीत घातलीस आणि म्हणालास, "गेली मां आत? आता पिशयेतच उघड बघूया." काडतुसाचं तोंड मिटलेलं असतं. बार झाला की ते उघडतं, तेवढी लांबी वाढते. घरात जागा नसली तर सगळा जोर मागे येतो. जातंय म्हणजे बसतंय असं नाही. हे मी पुढे माझ्या धाकटीला लग्न ठरवताना पण सांगितलं होतं. तिने ऐकलं नाही, पण तिचं बरं चाललंय.

तर असं ते आपलं वाचन सुरू झालं. दुकानातून एक काडतूस जरी द्यायचं असलं तरी तू गिऱ्हाईकाची बंदूक उघडून, रिकामी बघून, नळीखालचा छाप मोठ्याने वाचायचास. मी काडतूस हातात घेऊन त्याच्या बुडावरचं आणि अंगावरचं मोठ्याने वाचायची.

"नळी बारा."

"काडतूस बारा."

"घर पासष्ट."

"लांबी पासष्ट."

आमच्या घरी रोजरी म्हणतात तेव्हा असंच असतं, अर्धी प्रार्थना एकाने म्हणायची, उरलेली बाकीच्यांनी. एकट्याने पुरी करायची नाही. मी तुला ते सांगितलं तर तू म्हणालास, आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात तेव्हा पण एकाने बोलायचं आणि सगळ्यांनी साथ द्यायची. त्या दिवसापासून शेवटी मी "आमेन" म्हणायची आणि तू "व्हय म्हाराजा!" गिऱ्हाईकं हसायची. बँकांचे गार्ड, वसई-पालघरकडचे वाडीवाले, सगळे. एकदा एक साहेब भडकला, "टाइम वेस्ट कशाला करताय, खोक्यावर लिहिलंय ना बारा?" तू शांतपणे म्हणालास, "साहेब, खोका नळीत जात नाही." झकास! मी हसू लपवायला खाली वाकून चप्पल शोधत बसले होते.

आणि त्याच खोक्याने आपली वाट लावली.

आता ती बाटली काढते. काढायलाच हवी. आमच्याकडे उन्हाळ्यात वर्षाचा मसाला कुटतात आणि बियरच्या काळ्या बाटल्यांत ठासून भरतात. उजेड लागत नाही, रंग टिकतो, वर्षभर वास जात नाही. म्हणून त्याचं नावच बाटली मसाला. मी दरवर्षी एक बाटली तुझ्यासाठी आणायची. त्या वर्षी तू ती थैलीत घालून घरी नेलीस, बसमध्ये कोणीतरी बघितली, चाळीत बातमी पोचली की मिस्त्री श्रावणात बियर घेऊन फिरतो. दुसऱ्या दिवशी तू ते दुकानात रंगवून सांगितलंस. चार गिऱ्हाईकं उभी. सगळे हसले, मी पण हसले. मग तू जाता जाता म्हणालास, "गो रोझबाय, तुमच्या बाटलेवर एक नि भितर दुसराच! तुमचो भरवसो धरूचो कसो?"

'तुमचो.' माझा एकटीचा नव्हे, तुमचा. मला ते लागलं, मिस्त्री. शाळेत, नळावर, रेशनच्या रांगेत हे ऐकत मोठी झालेली बाई मी, नाव एक आणि भाषा दुसरी, तुम्ही नक्की कोण. तुझ्या मनात तसलं काही नव्हतं, हे मला आज कळतं. तेव्हाही कळत होतं बहुतेक. पण राग आला की कळलेलं उपयोगाला येत नाही. मी तुझ्याशी बोलणं टाकलं. तुला कारण कळेना, तू दोन दिवस विचारलंस, मग तू पण फुगलास. अबोला!

त्याच अबोल्यात एके सकाळी वीस नंबरच्या खोक्यावर माझा चहा सांडला. आत तीन काडतुसं उरलेली. खोकं लगदा झालं. मी काय केलं? माझ्या हाताला जी सवय तेच केलं. बाजूला बारा नंबरचं चांगलं, कोरं, रिकामं खोकं पडलं होतं, त्यात ती तीन उभी करून ठेवली. घरी बिस्किटाच्या डब्यात सुया, पावडरच्या डब्यात मीठ, बियरच्या बाटलीत मसाला. आम्ही बायका डबा टाकत नाही. वर चिठ्ठी लावीन म्हटलं. तेवढ्यात तू आतून आलास, मी तोंड फिरवलं, आणि चिठ्ठी राहिली.

दुपारी पवार आला. बँकेचा गार्ड, तुझा लाडका, त्याची एकनळी तू नुकतीच दुरुस्त केली होतीस. दुसऱ्या दिवशी त्याची सरावाची फायरिंग. पाच काडतुसं मागितली. मी तुझ्याकडे न बघता खोकं सरकवलं. कुठलं सरकवलं तेही बघितलं नाही. माझं लक्ष भिंतीवरच्या पालीकडे. तू नेहमीसारखी नळी उघडलीस, पण छाप वाचायला तोंड उघडलं नाहीस. वाचून करणार काय, उत्तर कोण देणार? खोक्यावरचा बारा बघितलास, दुसऱ्या खोक्यातली दोन त्यात घातलीस आणि पवारच्या हातात दिलंस. तेव्हा आपल्याकडे आलेली वीसवाली पण लालच होती. खोक्यात उभी, तोंडं वर, बुडं खाली. ना कोणी "नळी" म्हटलं, ना कोणी "आमेन."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पवार दुकानात आला तेव्हा त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. त्याने बंदूक उघडी, तोंड भिंतीकडे करून काउंटरवर ठेवली आणि स्टुलावर बसला. पहिलं काडतूस घालून चाप ओढला, नुसती टिक. तू शिकवलं होतंस तसं त्याने नळीचं तोंड निशाण्याकडेच धरून ठेवलं, थांबला, मग उघडली. घर रिकामं. मागचा एकजण ओरडला, "अरे पवार, घालायचं विसरलास रे!" सगळे हसले. त्याने दुसरं काडतूस उचललं. आणि घालता घालता त्याला तुझं वाक्य आठवलं, "गप झालेल्या नळयेत आधी उजेड बघ." त्याने दुसरं काडतूस खाली ठेवलं आणि मागून डोळा लावला. उजेड नव्हता.

त्याने उचललेलं दुसरं काडतूस बारा नंबरचं होतं, मिस्त्री.

तू बंदूक आत नेलीस, आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलंस, आणि बऱ्याच वेळाने ते लाल काडतूस तळहातावर घेऊन बाहेर आलास. बूड वर करून. वीस. शेठ ओरडले, कोणी दिलं हे? मी फडकं घेऊन काउंटर पुसायला लागले. आणि तू म्हणालास, "माझी चूक, शेठ. मी खोका वाचलंय, काडतूस वाचूक नाय."

एवढंच. त्या खोक्यात ते आलं कसं, हे तू विचारलं नाहीस. शेठनी तुला तीन महिने काउंटरवर उभं राहू दिलं नाही. तू मागच्या खोलीत बसून कानशी चालवत राहिलास. आणि मी? मी नोकरीच्या भीतीने गप्प राहिले असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. ते खोटं आहे. शेठ मला काढणारे नव्हते. मी गप्प राहिले कारण कबूल केलं असतं तर तुझा टोमणाच खरा ठरला असता. खोक्यावर एक आणि आत दुसरंच. तुमचा भरवसा काय धरायचा. एका माणसाचा डावा हात, कदाचित डोळे, कदाचित जीव जाता जाता राहिला, आणि मी माझा मान सांभाळत बसले.

अबोला मात्र त्या संध्याकाळी संपला. तू दुकान बंद करताना म्हणालास, "रोझबाय, माझ्याशी भांड, शिव्या घाल, तोंड बघू नको. पण नंबर मोठ्यान् बोल." तो नियम झाला आपला. पुढे आपण किती भांडलो! जुन्या बंदुकीचा छाप घासून गेलेला असला की तू मापल्याशिवाय काडतूस द्यायचा नाहीस, आणि मी म्हणायची, अरे, म्हातारा वसईवरून आलाय, त्याच्या बापाची बंदूक आहे, त्याला माहीत नसेल का? तू म्हणायचास, "बापाक म्हायत होता. बाप खंय असा?" यावर आपलं कधी एकमत झालं नाही. पण भांडणाच्या मधोमध सुद्धा तू "नळी बारा" म्हटलंस की मी फणकाऱ्याने का होईना, "काडतूस बारा" म्हणायचीच.

तुला एकदा सांगायचं ठरवून आले होते, मिस्त्री. घाटकोपरच्या त्या हॉस्पिटलात. मेट्रोत बसून वाक्यं पाठ केली. आत आले तर तुझ्या नाकातोंडावर ते मास्क, हाताला सुया. मी सुरमईचा भाव सांगितला. गावठाणातल्या क्रॉसला नवा रंग दिला ते सांगितलं. सुनेची तक्रार सांगितली. अर्धा तास बडबडले, आणि जे सांगायचं ते सोडून सगळं सांगितलं. तू डोळे मिटून ऐकत होतास. मी उठले तेव्हा मास्क जरा बाजूला करून म्हणालास, "नळी?"

मी म्हटलं, "बारा रे, बारा." आणि बाहेर येऊन जिन्यात बसून रडले. तुला तेव्हा काडतूस ऐकायचं होतं का आणखी काही, कोण जाणे. मी अर्धंच उत्तर दिलं. तुझंच वाक्य तुला परत दिलं, माझं दिलंच नाही.

आता कालचं. शेठची मुलगी केतकी आता दुकान बघते, तुला ठाऊकच आहे, तूच तिला तयार केलंस. तिने फोन केला, "रोझमावशी, या ना. नळी वाचायला मी आहे, पण उत्तर द्यायला कोणी नाही. एकटीने वाचलं तर मिस्त्रीकाका वरून शिव्या देतील." मी म्हटलं, मला गुडघे आहेत गं. ती म्हणाली, स्टूल आहे.

गेले. तुझं कानशीचं खोकं अजून तिथेच आहे. स्टुलावर बसते तोच दारात पवार. केस पांढरे झालेत, निवृत्तीला आलाय, हातात तीच एकनळी. डाव्या हातात. मी त्या हाताकडे बघत राहिले. पाची बोटं, अंगठी, घड्याळ. केतकीने बंदूक उघडली, रिकामी बघितली, छापावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "नळी बारा."

माझ्या हातात काडतूस होतं, ते मी परत काउंटरवर ठेवलं. केतकी म्हणाली, "मावशी?" मी म्हटलं, "थांब गं. आधी दुसरं एक वाचायचं राहिलंय." आणि मिस्त्री, मी सांगितलं. सगळं. चहा, लगदा झालेलं खोकं, राहिलेली चिठ्ठी, पाल. "पवार, ते वीसवालं त्या खोक्यात मी ठेवलं होतं. मिस्त्रींनी माझं पाप स्वतःच्या अंगावर घेतलं आणि मी घेऊ दिलं."

पवारने काउंटरवरची बंदूक जवळ ओढली. मला वाटलं, आता हा उठून जाणार, जाऊ दे, त्याचा हक्क आहे. मग त्याने आपला हात उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, "रोझबाई, खोकं तुमचं, देणारा हात मिस्त्रींचा. पण घालताना काडतूस कोणाच्या बोटांत होतं? माझ्याच ना? लहान लागलं होतं हो हाताला. मला वाटलं, नवीन कंपनी असेल. बूड उलटं करून बघायला किती वेळ लागतो? हे मी पण कोणाला बोललो नाय कधी. बायकोला पण नाय."

"मिस्त्रींना?"

"त्यांना सांगायला गेलो होतो एकदा. मला म्हणाले, पवार, त्या दिवसाक खोक्यात ठेवणाऱ्यान्, देणाऱ्यान् नि घालणाऱ्यान्, तिघांनी तोंडा बंद ठेवलेली. आता पुढच्या टायमाक उघडी ठेवा, झाला."

तिघांनी. ऐकतोस ना? तू तीन मोजलेस. म्हणजे तुला माहीत होतं. इतकी वर्षं माझ्याकडून मसाल्याची बाटली घेत होतास, थैलीत घालून त्याच चाळीत घेऊन जात होतास, आणि तुला माहीत होतं. आणि मी समजत होते की लपवतेय! बाटलीत काय आहे ते तू केव्हाच बघितलं होतंस रे, मेल्या. भरवसा धरला होतास.

मला रडू यायला पाहिजे होतं, पण हसूच आलं. केतकी एकदा माझ्याकडे, एकदा पवारकडे बघत होती. मग ती म्हणाली, "मग आजपासून गिऱ्हाईकाने पण वाचायचं. दोघांत एक रुसला तरी तिसरा राहतो." हुशार आहे पोरगी. तुझ्या हाताखालची.

म्हणून आता तिघं वाचतात, मिस्त्री. केतकी नळी वाचते, मी काडतूस वाचते, आणि मग ते गिऱ्हाईकाच्या हातात देऊन त्याने बूड उलटं करून आमच्यादेखत परत वाचायचं. पवारने मागितलेली पाचही काडतुसं वाचली, चष्मा लावून, शाळेतल्यासारखी. शेवटी मी "आमेन" म्हटलं. आणि त्यानंतर जरा जागा रिकामी राहिली. तुझी जागा. सगळे माझ्याकडे बघायला लागले. केतकीला वाटलं असेल, मावशी आता थोडा वेळ शांत बसतील.

छे! मी शांत बसते होय? शांत बसलं की काय होतं ते आपण बघितलंय. मी घसा साफ केला आणि दुकानाबाहेरचा रिक्षावाला वळून बघेल एवढ्या मोठ्याने म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

पवारने पण म्हटलं. केतकीने पण.

या उन्हाळ्यात मसाला कुटला की तुझी बाटली वहिनींना नेऊन देईन. या वेळी वर चिठ्ठी लावीन. मोठ्या अक्षरात.